द्वारका सिस्टरची भिंत

मंडळी, आज एकच प्रश्न घेऊन उभी आहे. माणसाची आठवण गेली, की माणूस गेला का?

थांबा, मान हलवू नका! 'नाही नाही' म्हणून मान हलवणारे समोर पंधरा तरी दिसताहेत मला. देवळात सगळे 'नाही'च म्हणतात. घरी काय म्हणता? सासूबाई तीच गोष्ट चौथ्यांदा सांगायला लागल्या, की सून कोणाकडे बघते? चष्मा कपाळावर ठेवून आजोबा चष्मा शोधायला लागले, की नातवंडं काय करतात? हसतात! आणि मोठी माणसं आतल्या खोलीत जाऊन हळू आवाजात बोलतात – 'आता ह्यांच्यासाठी आपल्यालाच ठरवायला हवं.'

ठरवायला हवं! हा शब्द धरून ठेवा. ज्याला आठवत नाही त्याने ठरवायचं नाही, हा कायदा केला कोणी? कुठल्या शास्त्रात आहे? मला तर कुठे सापडला नाही. तरी आपण तो पाळतो – एकादशीपेक्षा कडक पाळतो!

उत्सव समितीचे दोघं परवा घरी आले होते. भली माणसं आहेत, पुढेच बसलीत, नावं घेत नाही. म्हणाले, "पद्माताई, आईंना जाऊन दोन महिने झाले नाहीत. यंदाची कीर्तनाची सेवा राहू द्या. मारुतीराया काही रागावायचा नाही."

मी म्हटलं, "तो रागावायचा नाही, हे मला ठाऊक आहे. तुम्ही दुसरंच विचारायला आलात."

"तसं नाही... पण आख्यान पुराणातलंच लावाल ना?"

"नाही. द्वारका सिस्टरचं लावणार."

"अहो, त्या काय संत नव्हत्या!"

"नव्हती. नर्स होती. सरकारी."

चहा न घेता गेले. गेले तर गेले! मारुतीरायाने आजवर राजे ऐकले, राण्या ऐकल्या, ऋषी ऐकले. आज एक नर्स ऐकेल. पंत, पेटी धरा – काळी दोन. आजचं ध्रुपद तीन शब्दांचं आहे, मुलांनाही येईल. विचार – बघ – ठरव! म्हणा!

विचार, बघ, ठरव!

बरं म्हणताय. पुढच्या वेळी झोपेतून उठल्यासारखे म्हणू नका.

तर ऐका. ह्या गावच्या आरोग्य उपकेंद्रात माझ्या आईने तेहतीस वर्षं काढली. तुमच्यातले निम्मे तिच्या हातावर जन्मलेले. टोचून घेताना पळून जाऊन ह्याच देवळाच्या गाभाऱ्यात लपलेले दोघं मला आत्ता दिसताहेत, आणि दोघांनाही मिशा आहेत!

त्या उपकेंद्राच्या भिंतीवर एक तक्ता होता. कोणाला आठवतो? आजारी मूल कसं तपासायचं त्याचा. चौकटी आणि बाण. मूल दूध पितं का? हो – इकडे. नाही – तिकडे. श्वास जोरात चालतो का? घड्याळ लावून मोज, मग इकडे नाहीतर तिकडे. असं बाणावरून बाणावर जायचं, आणि शेवटी तीन रंगांपैकी एका रंगात पोचायचं. हिरवा – घरीच काळजी घ्या. पिवळा – इथे औषध द्या. लाल – मोठ्या दवाखान्यात पाठवा, आत्ता. आईला तो तक्ता पाठ होता. तरी दर वेळी ती भिंतीसमोर उभी राहायची, चौकटीवर बोट ठेवायची आणि मगच ठरवायची. मी लहानपणी विचारलं होतं, "पाठ आहे, तर बघतेस कशाला?"

म्हणाली, "पाठ असलं की आपण मुलाकडे बघत नाही. पाठ म्हणतो."

मला तेव्हा कळलं नाही. कळायला वय पन्नाशीला यावं लागलं. कारण माझा धंदाच पाठांतराचा! बावीस वर्षं उभी राहते, हातात कागद नाही. लोक म्हणतात, वा, काय स्मरणशक्ती! आणि मी मनातल्या मनात फुगते. माणूस म्हणजे त्याला काय काय पाठ आहे त्याचं गाठोडं – मनातून मी हेच धरून बसले होते.

आणि आई विसरायला लागली.

आधी नावं गेली. मग वार. मग एकदा दूध शेगडीवर ठेवून ती परसात गेली, आणि पातेलं असं करपलं की त्याच्यात तोंड बघितलं असतं तर ग्रहण दिसलं असतं. मग रक्तदाबाची गोळी एकाच सकाळी दोनदा. आणि मग एक दिवस, सकाळी सहा वाजता, पांढरी साडी, खांद्याला पिशवी – आई निघाली उपकेंद्रात! निवृत्त होऊन एकोणीस वर्षं झालेली. समोरच्या हौसाक्कांनी गाठलं तिला. हौसाक्का, बसल्या आहात ना? सांगा, काय म्हणाली होती ती?

"म्हणाली, आज लसीकरण आहे, वाट सोड!"

ऐकलंत? गुरुवार होता तो. वार बरोबर होता! वर्ष तेवढं चुकलं.

माझा मोठा भाऊ उदय, आमचा दादा, पुण्याहून आला. इंजिनिअर आहे. प्रेमळ आहे – हे आधीच सांगते, कारण पुढे तो तुम्हाला तसा वाटणार नाही. त्याने आल्या आल्या गॅसचा रेग्युलेटर काढला आणि माझ्या हातात दिला. "तू असशील तेव्हाच लावायचा." आणि जेवताना आईसमोरच मला म्हणाला, "एक केंद्र बघून ठेवलंय मी. चोवीस तास माणसं असतात. पुढच्या आठवड्यात नेऊ."

आईसमोर, हो! ती ताटावर बसलेली. ती ऐकते आहे. आणि आम्ही दोघं असं बोलतोय, की ती खोलीत नाहीच.

आईने घास खाली ठेवला.

"रेफर करतोस मला?"

"आई, रेफर काय..."

"पेशंट लालमध्ये घालून पाठवताय, तर आधी तपासायचं असतं. तपासलंस मला?"

"अगं, पातेलं जळलं!"

"पातेलं तपासलंस. मला विचार. मला बघ. मग ठरव." आणि म्हणाली, "महिना दे. महिन्याने तू ये. लाल असले, तर माझी मी गाडीत बसेन."

मंडळी, तेव्हा मी काय केलं असेल? आईची बाजू घेतली? कीर्तनकार बाई, धर्म सांगते, नीती सांगते – उठून उभी राहिली असेल ना?

मी खाली बघून भात कालवत होते. रेग्युलेटर माझ्या पर्समध्ये होता. आणि तो तिथेच असलेला बरा, असं मला वाटत होतं.

दादाने महिना दिला. मी त्या महिन्यात आईकडे राहायला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते, तर बाई स्टुलावर! हातात ब्रश, पायाशी तीन डबे – लाल, पिवळा, हिरवा – आणि हौसाक्का स्टूल धरून उभ्या. स्वयंपाकघराची अख्खी भिंत पांढरी करून घेतलेली.

"आई, उतर! पडशील!"

"तक्ता काढते आहे."

"कोणाचा?"

"पेशंटचा. सत्त्याहत्तर वर्षं, बाई, आठवण कमी, बाकी ठणठणीत."

काढला! उठल्यापासून निजेपर्यंत, सगळा दिवस चौकटींमध्ये. पहिली चौकट – गोळी घेतली का? हो, नाही. दुसरी – अंघोळ झाली का? मग – गॅस बंद केला का? हो तर पुढे जा, नाही तर बंद कर. सुंदर अक्षर, सरळ बाण. तेव्हा तिने मला म्हटलं, "पद्मा, पर्समधलं काढ." मी रेग्युलेटर दिला. जड हाताने दिला.

आणि तिसऱ्या दिवशी दूध पुन्हा जळलं!

मी धावत गेले. आई भिंतीसमोर उभी. बोट चौकटीवर – 'गॅस बंद केला का?' आणि मागे पातेल्यातून धूर. मी तोंड उघडणार, तर तीच म्हणाली, "गप्प बस. सापडलं मला."

"काय सापडलं?"

"मी 'हो' म्हणाले. वळून बघितलं नाही. विचारलं, बंद केला का – आणि आतून आवाज आला, हो. तो आवाज जुना आहे गं. चाळीस वर्षांचा. चाळीस वर्षं मी गॅस बंद करत आले, म्हणून तो 'हो' म्हणतो. आजचं त्याला काय ठाऊक?"

मग ती खाली बसली आणि हसायला लागली. इतकी हसली की मी घाबरले. म्हणाली, "तुला तो लशीच्या फ्रीजचा किस्सा सांगितलेला आठवतो?" मला आठवत होता. तिलाही आठवत होता बरं का – जुनं सगळं जागच्या जागी होतं! उपकेंद्रात लशींचा फ्रीज असतो. त्याचं तापमान सकाळ-संध्याकाळ बघून वहीत लिहायचं. एकदा आईने वही उघडली, तर एका महाशयांनी पहिल्याच तारखेला अख्ख्या महिन्याचं तापमान भरून ठेवलेलं! आई म्हणाली, "अहो, वीस तारखेला फ्रीज किती गार असेल हे आज कळलं तुम्हाला? इथे कशाला राबता, पाटी लावून बसा – हात बघून मिळेल!"

"तेहतीस वर्षं दुसऱ्यांना पकडलं," आई म्हणाली. "आज स्वतःला पकडलं. मीही वही आधीच भरून ठेवत होते."

आणि उठून लाल ब्रश घेतला. सगळ्या चौकटींवर फुल्या! फुली, फुली, फुली! 'केलं का' – फुली! 'झालं का' – फुली! 'घेतली का' – फुली! म्हणाली, "आठवणीला एकही प्रश्न विचारायचा नाही. ती खोटं बोलते. आणि खोटं बोलते आहे हे तिलाही कळत नाही, बिचारीला. प्रश्न डोळ्यांना विचारायचा. दिसतं का? एवढंच."

मंडळी, इथे थोडं थांबा. आपण किती चौकटींना न बघता 'हो' म्हणतो? बायकोशी नीट बोललात का आज? – हो. म्हातारा जेवला का? – हो, जेवला असेल! कधी बघितलंत? आपल्या तर वह्या जन्मापासून भरलेल्या!

विचार, बघ, ठरव!

आता दुसरी भिंत ऐका. 'गॅस बंद केला का' नाही – 'भांड्याखाली जाळ दिसतो का?' 'अंघोळ झाली का' नाही – 'टॉवेल ओला लागतो का?' आणि गोळीचं काय? डोकं लावलं बाईने! गोळी दिवसाला एकच. पण आज मंगळवार की बुधवार, हे कोण सांगणार? आईने वार सोडूनच दिला. 'पेपर दारात पडला आहे का? हो – एक गोळी घे, मग पेपर उचलून कपाटावर ठेव. पेपर दारात नाही – गोळी झाली. डबीला हात लावू नको.' संपलं! तारीख नको, वार नको. ज्या दिवशी पेपर, त्या दिवशी गोळी.

मी म्हटलं, "आणि पेपरला सुट्टी असेल तर?"

ती हौसाक्कांकडे बघून हसली. त्या काय करायच्या माहीत आहे? हौसाक्का, तुम्हीच सांगा. लाजू नका!

"वर्षातनं पाच-सहा सकाळी जुना पेपर टाकायचे मी दारात. बातम्या शिळ्या. पण सिस्टर उघडून वाचायच्या आणि म्हणायच्या, काही बदललं नाही बाई देशात!"

असा महिना गेला. पातेलं जळलं नाही. गोळी चुकली नाही. तरी, मंडळी, मला पटलं होतं का? नाही. रोज ती भिंतीपुढे उभी राहून बोट फिरवायची, आणि मला रडू यायचं. मला वाटायचं, जी बाई अख्ख्या गावाची पोरं नावानिशी ओळखायची, तिला आता टॉवेलला हात लावून अंघोळ कळते! मला ती भिंत म्हणजे तिची हार वाटत होती. तिला काय वाटतं, हे मी विचारलं नव्हतं.

अकरा तारीख. शनिवार. दादा गाडी घेऊन आला. भिंतीकडे एकदा बघितलं आणि आईसमोर खुर्ची ओढून बसला.

"आई, आज तारीख काय?"

"माहीत नाही."

"वार?"

"माहीत नाही."

"मुख्यमंत्री कोण?"

"ते मेलं तुलाही रोज बघावं लागतं!"

हसला नाही दादा. पुढे वाकला. "बरं, मी कोण? सांग बघू."

आईने त्याच्याकडे बघितलं. चांगलं निरखून बघितलं. आणि म्हणाली, "आधी पाणी पी. जेवण झालं का तुझं?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. टाळते आहे, दादाचे डोळे म्हणाले. मी मान खाली घातली. तिची बॅग भरलेली होती – मीच भरली होती – आणि मी स्वयंपाकघरात गेले, निघण्याआधी दादाला चहा करावा म्हणून. दूध ठेवलं. डोळे पुसले. बाहेरून दादाने हाक मारली, "पद्मा, बॅग उचल, उशीर होतोय." मी बाहेर आले.

आई उठली. म्हणाली, "येते मी. बोलले होते, तपासून लाल निघाले तर बसेन. तू म्हणतोस लाल. पण हे घर माझं आहे, आणि घर बंद करायची एक रीत आहे."

ती भिंतीपाशी गेली. आम्ही उंबऱ्यावर उभे. तिचं बोट चाललं. 'खिडक्यांच्या कड्या दिसतात का लागलेल्या?' वळून बघितलं – दिसतात. 'नळाची धार दिसते का?' वळून बघितलं – नाही. 'भांड्याखाली जाळ दिसतो का?'

वळली.

"दिसतो," म्हणाली.

दूध पातेल्याच्या काठाशी आलेलं! फसफसून वर, आणि सांडणार – आईने बटण फिरवलं. टक्. आणि मग आमच्याकडे तोंड केलं. उपकेंद्राची सिस्टर होती ती, मंडळी! पाठ ताठ!

"हे कोणी ठेवलं?"

"...मी, आई."

"आज तारीख काय?"

"अकरा."

"वार?"

"शनिवार."

"सगळं आठवतंय की गं तुला! मग दूध?"

आता हसा! हसा, मी तेव्हा हसू शकले नाही. बावीस वर्षांचं पाठांतर, आणि एक पातेलं आठवलं नाही मला! आणि जिला आजची तारीख ठाऊक नाही, वार ठाऊक नाही, तिने दारातून परत फिरून आम्हा तिघांचं घर वाचवलं. घर कोणी वाचवलं? आठवणीने? नाही! बघण्याने! वळून बघण्याने!

दादाने माझ्या हातातली बॅग घेऊन खाली ठेवली. स्वयंपाकघरात जाऊन भिंतीसमोर मांडी घालून बसला आणि पहिल्या चौकटीपासून वाचायला लागला. तासभर वाचत होता. इंजिनिअर ना! मग हाक मारली.

"आई, इथे चूक आहे."

"कुठे?"

"'दम लागतो का? छातीत दुखतं का? हो' – आणि बाण नुसता लाल रंगात सोडलायस. लालमध्ये गेल्यावर करायचं काय? पुढे चौकटच नाही."

आई त्याच्या शेजारी जाऊन बसली. "तिथे मी अडलेय रे. फोन लावता येईलच असं नाही. नंबर, नावं – त्या वेळी काही सुचणार नाही."

दादाने खिडकीकडे बघितलं. मग उठला, आईचं एक जुनं लाल पातळ फाडलं, रुमालाएवढा तुकडा केला, आणि रस्त्याकडच्या खिडकीच्या गजाशेजारी तिच्या हाताच्या उंचीवर खिळा ठोकून त्यावर टांगला. आणि भिंतीवर स्वतःच्या हाताने शेवटची चौकट लिहिली – 'लाल फडकं खिडकीला बाहेरून दिसेल असं बांध. दाराची कडी काढ. खाली बस. कोणीतरी येईल.'

समोरच्या अंगणातून सडा घालताना ती खिडकी दिसते. हौसाक्का म्हणाल्या, "मी बघेन." एवढंच. करार नाही, कागद नाही.

गाडी रिकामी परत गेली!

आणि आई त्या घरात राहिली. किती दिवस? दोन वर्षं आणि चार महिने! स्वतःच्या शेगडीवर, स्वतःच्या हाताने, स्वतःच्या भिंतीच्या भरवशावर. येणारे-जाणारे म्हणायचे, "बिचारी, भिंतीवर वाचून जगते." बिचारी? पोथीवर वाचून जगणाऱ्याला बिचारा म्हणता का हो? घड्याळात बघून उठणाऱ्याला? आपण सगळेच कशावर तरी बघून जगतो. तिने आपली पोथी आपण लिहिली होती, एवढाच फरक!

विचार, बघ, ठरव!

माघातली सकाळ होती. हौसाक्का सडा घालायला आल्या, आणि खिडकीत लाल.

हातातली बादली टाकून धावल्या त्या. आई भिंतीला टेकून खाली बसली होती. बांधून झालं होतं, कडी काढून झाली होती, बसून झालं होतं – चौकटीत होतं तसं. मांडीवर पिशवी होती, आणि पिशवीत औषधांच्या सगळ्या चिठ्ठ्या. हौसाक्कांना म्हणाली, "लाल आहे. पाठवा."

तेहतीस वर्षांत तिने शेकडो जणांना लालमध्ये पाठवलं. शेवटचा पेशंट ती स्वतः. तपासून पाठवलेला. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातच तिने डोळे मिटले. मी आणि दादा जवळ होतो.

पंत, पेटी नको. एवढं सूर नसताना सांगू द्या.

तेराव्यानंतर पाहुणे गेले. कोणीतरी जाता जाता म्हणालं, "ती भिंत रंगवून घ्या आता. बरी नाही दिसत." दादाने त्या माणसाकडे असं बघितलं की तो चपला हातात घेऊनच बाहेर पडला. मग दादाही झोपायला गेला. मला एकटीला बसायचं होतं. पुढचं दार मी आतून लावून घेतलं.

मंडळी, ते दार आतल्या बाजूला उघडतं. कोणी आलं की उघडायचं, आणि फळी भिंतीला टेकते. पाहुणे असेपर्यंत दार रात्रंदिवस उघडंच. म्हणजे त्या फळीची आतली बाजू येणाऱ्याला कधी दिसतच नाही. जिथे चोवीस तास आठवणारी माणसं आत-बाहेर करत होती, तिथे ती बाजू आमच्यापैकी एकानेही बघितली नव्हती. ती फक्त आई एकटी घरात असताना, दार लावलेलं असताना, आईलाच दिसायची.

तिथे एक चौकट होती – मी महिनाभर राहून गेल्यानंतर कधीतरी लिहिलेली. हिरव्या रंगात.

'दार वाजलं. उघडण्याआधी वाच. समोरच्याचं नाव येतं का? हो – नावाने हाक मार. नाही –'

आणि 'नाही'चा बाण खाली आला होता.

'नाव विचारू नको. त्याला वाईट वाटेल. पाणी दे. जेवण झालं का, विचार. आपलंच कोणीतरी आहे.'

मी तिथे उभी होते. दोन वर्षं चार महिने मी आठवड्याला त्या घरी जात होते. दार वाजवायचे. आतून थोडा वेळ काही हालचाल व्हायची नाही. मला वाटायचं, म्हातारीला उठायला वेळ लागतो. मग दार उघडायचं, आणि आई हसून म्हणायची, "ये गं. पाणी घे. जेवण झालं का?"

कितीदा म्हणाली असेल? शंभर? त्यातल्या कितीदा मी पद्मा होते आणि कितीदा नव्हते, हे मला आता कधी कळणार नाही. आवाज तोच होता. हसणं तेच होतं. पाण्याचा तांब्या तोच.

मी दादाला उठवलं. त्याने वाचलं. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. म्हणाला, "पद्मा, मी तिला दर वेळी विचारायचो. मी कोण सांग बघू."

दादा आज आला आहे. खांबाजवळ बसला आहे. कीर्तनाआधी मला म्हणाला, "रेग्युलेटरचं नाही सांगितलंस तर बरं." दादा, सांगितलं मी. माझ्या पर्सचंही सांगितलं. आपण दोघं एकाच वहीत आधीच तापमान भरून बसलो होतो. पण लाल बाणाच्या पुढची चौकट तुझ्या हातची आहे, आणि ती त्या सकाळी उपयोगी पडली, हेही सांगितलं.

आता माझा प्रश्न मला परत द्या. माणसाची आठवण गेली, की माणूस गेला का?

अहो, तिची आठवण गेली तेव्हाच तर बाईने ठरवलं – नाव येत नसलेल्या माणसाला काय द्यायचं, ते! आपल्याला सगळ्यांची नावं येतात. जात येते, गल्ली येते, कोणाच्या लग्नात कोणी मान दिला नव्हता ते येतं. इतकं सगळं येऊन आपण दारातल्या माणसाला पाणी देतो का? तिला काही आठवत नव्हतं, आणि ती देत होती. कोण होतं मग त्या घरात? कोण उरलं होतं? सांगा मला! ज्यांनी 'आता तिचं काही खरं नाही' म्हटलं होतं, त्यांनी उभं राहून सांगा!

कोणी उठत नाही. बरं.

मग मी सांगते. आज घरी जाल. तुमच्या घरातही कोणीतरी आहे, ज्याच्याबद्दल आतल्या खोलीत हळू आवाजात बोलणं झालं आहे. ज्याची चावी काढून घेतली आहे. ज्याची बॅग मनातल्या मनात भरून ठेवली आहे. त्याच्यासमोर खुर्ची ओढून तारीख विचारू नका. वार विचारू नका. त्याला रंग पाहिजे असतील तर आणून द्या, स्टूल धरून उभे राहा. तपासा, आणि मग बोला. आणि तपासून लाल निघालं, तरी त्याच्यासमोर बोला. तो खोलीत आहे!

मारुतीराया, लोक तुझ्याकडे स्मरणशक्ती मागतात. मी बावीस वर्षं मागितली, तू दिलीस. आज परत मागत नाही. ती जायची तेव्हा जाईल. जाईल तेव्हा माझ्या दाराच्या आतल्या बाजूला मला एवढं लिहून ठेवू दे, आणि उघडण्याआधी वाचायची बुद्धी दे.

आता आरतीला उभे राहा. गर्दी करू नका, ताट सगळ्यांपर्यंत येईल. आणि बाहेर ओट्यावर हौसाक्कांनी पाण्याचा माठ भरून ठेवला आहे. तिथे जो उभा असेल, त्याला नाव विचारू नका.

पाणी द्या.